कॅन्यन भिंतीवर, खोरं पाण्याखाली

सलूनमध्ये जा, दाताच्या डॉक्टरकडे जा, हायवेवरच्या ढाब्यात जा, नाहीतर एखाद्या मंगल कार्यालयाच्या ऑफिसात डोकवा. भिंतीवर एक निसर्गदृश्य असतंच असतं. आणि ते सहसा आपल्याकडचं नसतं. बर्फाचे डोंगर, लाकडी घर, त्यामागे पाइनची झाडं. नाहीतर तांबड्या-केशरी खडकांची प्रचंड दरी आणि तळाशी दोऱ्याएवढी नदी. गिऱ्हाईक दाढी करून घेता घेता अमेरिका बघतं आणि बाहेर पडून चिखल तुडवत घरी जातं. कुणालाच त्यात काही वावगं वाटत नाही.

आमच्या होस्टेलच्या वाचनालयातही असंच एक चित्र आहे. चांगलं चार फूट बाय तीन फूट, सोनेरी फ्रेम, कॅनव्हासवर अस्सल ऑइल पेंट. कुठल्याशा जुन्या बॅचनं जाताना भेट दिलं म्हणतात. दोन्ही बाजूंना पेटल्यासारखे लाल कडे, डावीकडून येणारं सोनेरी ऊन, मध्येच ढगाची जांभळी सावली. काढणाऱ्याचा हात चांगला आहे, हे मान्य. त्याच वाचनालयाच्या पश्चिमेच्या खिडकीतून मुळशीचे डोंगर दिसतात. अभ्यासाचा कंटाळा आला की मुलं चित्राकडे बघतात. खिडकी मात्र डास येतात म्हणून बंद असते!

माझा मुद्दा आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पान उलटायचं आहे त्यांनी खुशाल उलटावं. ते चित्र काढून टाका असं माझं म्हणणं नाही. त्याच्या शेजारी मुळशीचं एक चित्र लागलं पाहिजे आणि ते काढताना त्या पाश्चात्त्य चित्रांनी केलेली एक चूक आपण टाळली पाहिजे, एवढंच म्हणणं आहे. ती चूक कुठली, ते कळायला थोडा इतिहास बघावा लागेल. झोप येणार नाही याची काळजी घेतो.

या असल्या कॅन्यनच्या चित्रांचा मोठा उस्ताद म्हणजे थॉमस मोरान. जन्म इंग्लंडमधला, १८३७चा. लहानपणीच घरच्यांबरोबर अमेरिकेला गेला. १८७१ साली हेडन नावाच्या भूशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली सरकारी सर्वेक्षणाची एक तुकडी यलोस्टोनच्या भागात निघाली. मोरान तिच्याबरोबर गेला. सोबत विल्यम हेन्री जॅक्सन हा फोटोग्राफर होता. काचेच्या जड प्लेटा खेचरांवर लादून डोंगरात फोटो काढायचे, असा तो काळ. मोरानच्या प्रवासाला पैसे कुणी दिले माहितीय? त्यातला मोठा वाटा नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेचं भांडवल उभं करणाऱ्या जे कुक या सावकाराच्या उसनवारीचा होता. रेल्वे पश्चिमेकडे न्यायची होती आणि रेल्वेला प्रवासी हवे होते. आता प्रवासी यायचे तर तिकडे बघण्यासारखं काहीतरी आहे, हे लोकांना कळायला नको का?

पुढची गोष्ट बरेचदा चुकीची सांगितली जाते. मोरानचं भलंमोठं चित्र बघून अमेरिकन संसद भारावली आणि तिनं यलोस्टोनचं राष्ट्रीय उद्यान केलं, असं म्हणतात. पण उद्यानाच्या कायद्यावर सही झाली १ मार्च १८७२ला, आणि ते सात फूट बाय बारा फुटांचं ऑइल पेंटिंग पुरं झालं त्यानंतर. सहीच्या आधी लोकप्रतिनिधींसमोर होती ती मोरानची जलरंगातली छोटी चित्रं आणि जॅक्सनचे फोटो. मोठं चित्र नंतर संसदेनं १०,००० डॉलरना विकत घेतलं. म्हणजे काम केलं ते जागेवर बसून काढलेल्या छोट्या स्केचेसनी. सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल छापणाऱ्या आपल्यासारख्यांनी यातून काय तो बोध घ्यावा.

तरीही श्रेय द्यायला हवंच. चित्र बघून एखादी दरी वाचते, हे जगाला तेव्हा दिसलं. पुढे १८७३ साली मोरान एका हाताच्या मेजर पॉवेलबरोबर कोलोरॅडो नदीच्या ग्रँड कॅन्यनला गेला. पॉवेलचा दुसरा हात यादवी युद्धात गेला होता, आणि तशा अवस्थेत तो १८६९ साली होड्या घेऊन त्या कॅन्यनमधून पार झाला होता. आपल्याला दोन्ही हात असून ड्राफ्टर धड धरता येत नाही! असो. मोरानचं कॅन्यनचं चित्रही संसदेनं १०,००० डॉलरनाच घेतलं. १८९२ साली सांता फे रेल्वे त्याला पुन्हा तिथं घेऊन गेली आणि त्याच्या चित्राच्या छापील प्रती जाहिरातीसाठी वाटल्या. सलूनमधलं कॅलेंडर आणि आपल्या वाचनालयातली फ्रेम यांचा मूळ पुरुष हा असा आहे. ज्याला आपण ‘निसर्ग’ म्हणून भिंतीवर लावतो, त्याच्या घराण्यात एक पणजोबा रेल्वेच्या जाहिरातीचा आहे.

आणि आता ती चूक.

मोरान स्वतःच सांगायचा की निसर्गाची हुबेहूब नक्कल करण्यात त्याला रस नाही. कडे तो सोयीनं हलवायचा, वेगवेगळ्या जागांवरून दिसणाऱ्या गोष्टी एका चौकटीत आणायचा. चित्रकाराला तेवढी मुभा असतेच. पण या चित्रांत माणूस एकतर नसतोच, नाहीतर मुंगीएवढा असतो, कड्याची उंची कळावी म्हणून स्केलला ठेवलेला. आपण एलिव्हेशनमध्ये दाराशेजारी एक माणूस काढतो ना, तसा. पाहणाऱ्याला वाटतं, ही जागा रिकामीच होती. पण ती रिकामी नव्हती. यलोस्टोनमध्ये शोशोनी लोकांची वस्ती होती, शिकार होती, वाटा होत्या. उद्यान झाल्यावर त्यांना तिथून हलवलं गेलं. ग्रँड कॅन्यनच्या तळाशी हवासुपाई नावाची जमात शेती करते. वर पठारावर शिकारीला जायचं, खाली ओढ्याकाठी मका पिकवायचा, असं त्यांचं वर्षाचं चक्र. १८८२ साली सरकारनं त्यांच्यासाठी कागदावर जागा ठेवली फक्त ५१८ एकर, खालच्या घळीतली. वरची सगळी जमीन गेली. १९७५ साली, म्हणजे तब्बल ९३ वर्षांनी, १,८५,००० एकर जमीन त्यांना परत मिळाली. दृश्य वाचलं. दृश्यात राहणाऱ्यांना मात्र आपलीच जमीन परत मिळवायला तीन-चार पिढ्या लागल्या.

एक गंमत जाता जाता. त्या ग्रँड कॅन्यनमधल्या दोन शिखरांची नावं आहेत विष्णू टेंपल आणि शिवा टेंपल. क्लॅरन्स डटन नावाच्या सर्वेक्षकानं १८८०च्या सुमारास ठेवलेली. त्याला ते खडक देवळांसारखे दिसले. आपले देव तिकडे पोचले, पण हवासुपाईंनी त्या खडकांना काय म्हणायचं ठेवलं होतं, ते नकाशावर आलं नाही. बघणाऱ्याच्या हातात पेन असलं की नाव तोच ठेवतो. महाबळेश्वरला जाऊन या, आर्थर सीटपासून सगळे पॉइंट आठवा, म्हणजे कळेल.

आता मुळशीत येऊ.

ग्रँड कॅन्यनचं राष्ट्रीय उद्यान झालं १९१९ साली. त्याच १९१९ साली इकडे टाटा पॉवर कंपनी स्थापन झाली. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ मुळशीला धरण बांधायचं, घाटमाथ्यावर पडणारा पाऊस अडवायचा, आणि ते पाणी पश्चिमेला कोकणात भिऱ्याला सोडून त्यावर वीज करून मुंबईला न्यायची, अशी योजना. इंजिनिअरिंगच्या दृष्टीनं बघाल तर डोळे दिपावेत अशी कल्पना आहे. घाटाच्या वर पाणी आणि खाली सुमारे ५०० मीटरवर पॉवर हाऊस. एवढा हेड निसर्गानं फुकट दिलेला. एरवी हे पाणी मुळेतून मुठेला, तिथून भीमेला, भीमेतून कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराला गेलं असतं. ते उलट फिरवून अरबी समुद्राला पाठवलं. हायड्रॉलिक्सच्या सरांनी शिकवलेलं टर्बाइनचं समीकरण इथं डोंगराएवढं होऊन समोर उभं राहतं.

पण ज्या खोऱ्यात पाणी साठणार होतं तिथं पन्नासच्या आसपास गावं होती. भाताची खाचरं होती. आंबेमोहोराचा वास होता, देवळं होती, मसणवट होती, लग्नाच्या सोयरिकी होत्या. जमीन संपादनाचा १८९४चा कायदा सरकारच्या हाताशी होता. १६ एप्रिल १९२१, रामनवमीच्या दिवशी, मावळे शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पुढे त्याचं नेतृत्व पांडुरंग महादेव बापट यांच्याकडे आलं, ज्यांना आपण सेनापती बापट म्हणतो ते याच लढ्यामुळे. घोषणा होती ‘जान किंवा जमीन’. बायकापोरं कामाच्या जागेवर जाऊन बसली. माणसं तुरुंगात गेली. बापटांना अनेकदा शिक्षा झाल्या, शेवटची सात वर्षांची. १९२४च्या सुमारास लढा मोडला. १९२७ला वीज सुरू झाली. पुणे विद्यापीठातले राज्यशास्त्राचे प्राध्यापक राजेंद्र व्होरा यांनी या लढ्यावर इंग्रजीत एक अख्खं पुस्तक लिहिलं, २००९ साली आलं. त्याच्या शीर्षकातच ते याला जगातलं पहिलं धरणविरोधी आंदोलन म्हणतात. जगातलं पहिलं! आणि आपण त्याच तालुक्यात चार वर्षं राहतो आणि ‘मुळशी’ म्हटलं की आपल्याला आठवतो २०१८चा पिक्चर. पिक्चर चांगलाच होता, वाद नाही. जमीन गेली की पोरांचं काय होतं, तेच त्यात दाखवलंय. पण जमीन जाण्याची ही गोष्ट शंभर वर्षं जुनी आहे, एवढं तरी आपल्याला ठाऊक हवं.

आता मला सांगा, त्याच जलाशयाच्या काठावर आपण रविवारी काय करतो? बाइक लावतो, भजी खातो, भुट्टा खातो आणि म्हणतो, ‘काय व्ह्यू आहे यार!’ फोटोत निळं पाणी येतं, हिरवे डोंगर येतात, ढग येतात. माणूस आलाच तर आपलाच मित्र, गॉगल लावून. मोरानच्या चित्रात आणि आपल्या मोबाइलमध्ये फरक तो काय? दोन्हीकडे जागा रिकामी दिसते. आणि दोन्हीकडे ती रिकामी नव्हती.

आमच्या मेसमध्ये भाकरी थापायला मदत करणारे एक मामा आहेत. मागच्या उन्हाळ्यात सर्व्हे कॅम्पला निघालो होतो, तेव्हा त्यांना सहज विचारलं, “मामा, तुमचं गाव कुठलं?” त्यांनी हातातलं पीठ झटकलं आणि पश्चिमेकडे बोट केलं. म्हणाले, “आत्ताचं का आधीचं?”

मी म्हटलं, “म्हणजे?”

“आत्ताचं त्या टेकाडावर. आधीचं खाली, पाण्यात. आमच्या पणज्याची खाचरं हुती तिथं. आज्जा सांगायचा, उन्हाळ्यात पाणी उतरलं की बांध दिसायचे म्हणून. तो काठावर बसून मोजायचा, हे आपलं, हे चुलत्याचं. आम्ही न्हाय मोजत. मोजून काय करायचं?”

एवढं बोलून ते परत पिठाकडे वळले. मामांनी वाचनालयातलं ते कॅन्यनचं चित्रही पाहिलंय. फ्रेमवरची धूळ तेच पुसतात. त्यावर त्यांचं मत विचारलं तर म्हणाले, “ब्येस हाय. पण तिथं ऱ्हातं कोण?”

मित्रहो, कलासमीक्षेचे जाडजूड ग्रंथ मी काही वाचलेले नाहीत. पण कॅन्यनच्या चित्राला याहून चांगला प्रश्न कुणी विचारला असेल असं मला वाटत नाही.

‘मग धरण नको होतं का? तुझा पंखा कशावर चालतो?’ असं आमचा एक रूममेट लगेच म्हणाला. प्रश्न रास्त आहे, टाळण्यासारखा नाही. मी स्थापत्यचा विद्यार्थी आहे, उद्या कदाचित अशाच एखाद्या कामावर साइटला उभा असेन. मुळशीच्या पाण्यानं वीज दिली, त्या विजेवर मुंबई चालली, हे खरं आहे. भिऱ्याहून सुटणारं पाणी कुंडलिकेत येतं आणि त्यावर कोलाडचं राफ्टिंग चालतं. आपल्यातले कितीतरी जण तिथं ओरडत ओरडत बोटीतून गेले आहेत. सकाळी वीज करून पाणी सोडलं की बोटी निघतात, नाही सोडलं तर नदीत गोटे. म्हणजे ज्या लाटेवर आपण किंचाळतो ती लाट मामांच्या पणज्याच्या खाचरावरून आली आहे. मी म्हणतो, जरूर किंचाळा. फक्त ती कुठून आली हे माहीत असू द्या.

काही जण म्हणतील, चित्र म्हणजे चित्र, त्याला इतिहास-भूगोल कशाला चिकटवता? डोळ्याला बरं वाटलं, बास. यावर माझं उत्तर असं, की डोळ्याला काय बरं वाटावं हेही शिकवलेलंच असतं. केशरी कडा ‘भव्य’ आणि काळा कातळ ‘रखरखीत’, हे आपल्याला कुणी सांगितलं? यलोस्टोनचे खडक पिवळे-तांबडे दिसतात ते गरम पाण्यानं कुजून त्यातलं लोखंड गंजल्यामुळे. आपला सह्याद्री बेसॉल्टचा आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर एकावर एक बसलेले, पायऱ्या-पायऱ्यांचे. भूशास्त्रात त्याला डेक्कन ट्रॅप म्हणतात आणि तो ‘ट्रॅप’ शब्द स्वीडिश भाषेतल्या ‘पायरी’वरून आलाय. हा कातळ मे महिन्यात तपकिरी दिसतो, जूनमध्ये ओला होऊन काळाकुळकुळीत होतो आणि श्रावणात त्यावर इतके हिरवे रंग चढतात की पॅलेटवर जागा पुरू नये. ताम्हिणीत प्लस व्हॅली आहे. वरून बघितलं तर घळी एकमेकींना छेदून अधिकचं चिन्ह झालेलं दिसतं. नगर जिल्ह्यात साम्रदजवळ सांदण दरी आहे, दोन्ही बाजूंच्या कातळभिंतींमधून माणूस जाईल एवढीच फट काही ठिकाणी. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा तर सर्वांना ठाऊक आहे. इंग्रजीत एक ‘कॅन्यन’ म्हणून मोकळे होतात. आपल्याकडे दरी वेगळी, घळ वेगळी, नाळ वेगळी, खिंड वेगळी. आणि सोंड, माची, धार, कडा, हे तर ट्रेकला जाणाऱ्या पोरापोरींच्या रोजच्या बोलण्यातले शब्द. भाषेनं एवढं बारीक बघून ठेवलंय, तर डोळ्यांनी का बघू नये?

बरं, आपल्याकडे चित्र काढायची परंपरा नव्हती अशातलाही भाग नाही. १७९०च्या दशकात पुण्यात, खुद्द शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली होती. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार तिथं शिकवायचा, आणि त्याच काळातला आपला गंगाराम तांबट वेरूळच्या लेण्यांची चित्रं काढून आला होता. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ला सुरू झालं. तिथं शिकलेले कोल्हापूरचे आबालाल रहिमान यांनी काय काढलं? कोल्हापुरातलं कोटीतीर्थ. गावाकडेचं एक तळं! तेच तळं सकाळी, तेच संध्याकाळी, तेच पावसाआधी. ग्रँड कॅन्यनला जायला त्यांना कुणी रेल्वे कंपनीनं पैसे दिले नव्हते, आणि त्यांचं काही अडलंही नाही. कारण रोज बघितलेली जागा जितकी कळते तितकी एका ट्रिपमध्ये बघितलेली कळत नाही.

उलट, आपलं सोडून दुसऱ्याचं दृश्य उचलायचं म्हटलं की काय होतं, त्याचंही उदाहरण याच तालुक्यात आहे. वरसगावच्या जलाशयाकाठी लवासा उभं राहिलं ते इटलीतल्या पोर्तोफिनो गावाच्या धर्तीवर. रंगीत घरं, पाण्याकाठचा फेरफटका, सगळं तसंच. २०१० साली केंद्राच्या पर्यावरण खात्यानं काम थांबवायला लावलं, २०११ साली अटींवर परवानगी मिळाली, २०१८ साली प्रकरण दिवाळखोरीच्या कायद्याखाली गेलं. त्यातलं बरोबर-चूक ठरवायला मोठी माणसं आहेत. मला एवढंच दिसतं, की ड्रॉइंग बोर्डवर इटलीचं चित्र लावून मोसे खोऱ्यात घर बांधायला निघालं, की मोसे खोऱ्यात आधीपासून कोण राहतं हा प्रश्न चित्रात बसत नाही. इटलीच्या चित्रात तो नसतोच ना! उद्या आपल्यातलेच काही जण असे बोर्ड लावणार आहेत. म्हणून हा विषय मला निव्वळ सजावटीचा वाटत नाही.

तर आता उपाय. आणि उपाय आपल्याच फर्स्ट इयरच्या सिलॅबसमध्ये आहे.

इंजिनिअरिंग ड्रॉइंगमध्ये पहिल्याच आठवड्यात काय शिकवलं? दिसणारी कड ठळक, सलग रेषेनं काढायची. झाकलेली कड तुटक रेषेनं. ती कड दिसत नाही, म्हणून ती नाही असं होत नाही. विसरलात तर मार्क जातात आणि शीट परत मिळते. कितीतरी जणांना त्याच तुटक रेषांनी केटी दिलीय, त्यांना हे विसरता येणार नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की हा नियम ड्रॉइंग हॉलच्या दाराबाहेरही पाळायला हवा. मुळशीचं चित्र काढा. तलाव काढा, ढग काढा, हवं तर सूर्यास्त काढा, भडक रंगात काढा. पण पाण्याखाली काय आहे, ते तुटक रेषेनं दाखवा. मोरानला हा नियम कुणी शिकवला नव्हता. आपल्याला शिकवलाय.

संपादक मंडळापुढे, रेक्टर सरांपुढे आणि आमच्या विभागापुढे मी तीन सूचना ठेवतो.

पहिली. दर वर्षी स्थापत्य विभागाचा सर्व्हे कॅम्प होतो. आपण टोटल स्टेशन लावतो, काँटूर काढतो, शीट जमा करतो आणि पुढच्या वर्षी तीच शीट ज्युनिअरला ‘रेफरन्स’ म्हणून देतो. (सर, हे वाक्य वाचू नये.) त्याऐवजी एका वर्षी जलाशयाच्या काठचा पट्टा घ्यावा. धरणाआधीच्या जुन्या नकाशांवरून गावांची नावं आणि वाटा शोधाव्यात आणि आजच्या नकाशावर त्या तुटक रेषेनं बसवाव्यात. काठावरच्या वस्त्यांमध्ये म्हाताऱ्या माणसांना विचारावं. मामांसारखी माणसं आहेत तोवरच हे होईल. आम्ही न्हाय मोजत, असं म्हणणारी पिढी आलेली आहेच. त्यापुढच्या पिढीला मोजायचं काय हेही माहीत नसेल.

दुसरी. गॅदरिंगच्या चित्रकला स्पर्धेत दर वर्षी ‘पर्यावरण वाचवा’ हा विषय असतो आणि दर वर्षी त्यावर एक रडणारी पृथ्वी येते. या वर्षी विषय ‘घाटमाथा’ ठेवा. माध्यम कुठलंही, पेन्सिल, जलरंग, ऑइल. पावसात ऑइल पेंट वाळत नाही आणि जलरंगही वाळत नाही, हे आधीच सांगून ठेवतो, पेन्सिल बरी. अट एकच. चित्राच्या मागे जागेचं नाव, तारीख आणि तिथल्या एका रहिवाशाशी झालेलं बोलणं चार ओळींत लिहायचं. ज्यानं कुणाशी बोलायची तसदी घेतली नाही त्याचं चित्र कितीही सुंदर असो, ते बाद.

तिसरी. त्यातलं सगळ्यात चांगलं चित्र वाचनालयात कॅन्यनच्या शेजारी लावायचं, त्याच उंचीवर, तेवढ्याच चांगल्या फ्रेममध्ये. कॅन्यन काढायचं नाही. तेही राहू दे, कारण त्याच्याही तळाशी हवासुपाई शेती करतात, आणि ते सांगणारी एक छोटी चिठ्ठी त्याच्या खाली लावायला हरकत नाही. दोन दऱ्या शेजारी-शेजारी. एक वाचली, पण माणसांना हलवून. दुसरी बुडाली, तीही माणसांना हलवून. अभ्यासाचा कंटाळा आलेल्या मुलानं दोन्हींकडे बघावं आणि मामांचा प्रश्न विचारावा, तिथं राहतं कोण? हा प्रश्न एकदा डोक्यात बसला की पुढे हातात कुठलंही साइट प्लॅन आलं तरी तो आपोआप विचारला जाईल, अशी माझी वेडी आशा आहे. पॅकेज किती मिळतं हे तर सगळेच विचारतात.

फ्रेमचा खर्च आमच्या मजल्यानं वर्गणीतून करायचं ठरवलं आहे. चित्रं जमा करायला मासिकाच्या पेटीशेजारी एक खोकं ठेवू, ते दिवाळीच्या सुट्टीपर्यंत राहील. खिळा मात्र होस्टेलच्या भिंतीत ठोकायचा असल्यानं परवानगी लागेल, असं कळतं. रेक्टर सरांनी ती दिली, तर हातोडी आम्ही आणतो.

(तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी)